पलटणीतला मार्गदर्शक: वाचकांचे प्रश्न, सल्लागारांची उत्तरे

गणपतीच्या सुट्टीत रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडातून आलेल्या पत्रांत या वेळी फौजेचेच प्रश्न जास्त निघाले. बहुतेकांचा रोख एकच होता: पलटणीत जुन्या जवानाने नव्याला हाताशी धरायची पद्धत नीट बसवायची कशी, आणि त्यातून उद्याचे नायक-हवालदार घडवायचे कसे. निवडक प्रश्न थोडे आखडून घेतले आहेत.

बडी सिस्टीम फौजेत पहिल्यापासून आहे. मग हा मार्गदर्शक वेगळा कशाला? – एक नायक, देवगड

बडी हा बरोबरीचा. गस्तीला, संत्री ड्युटीला दोघं एकमेकांची पाठ राखतात. पण दोघंही वर्षभराच्या नोकरीचे असले, तर रजेचा अर्ज कसा लिहायचा हे याला ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. मार्गदर्शक पाच-सात वर्षं पुढे गेलेला असतो, तरी हुकूम देणारा नसतो.

तुमच्याच बंदरातली बोट घ्या. नव्या पोराला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, शिकवत बसत नाही, त्याचं लक्ष पाण्यावर आणि वाऱ्यावर. जाळ्याची दोरी हाताला गुंडाळून धरू नको, झटका बसला तर दोरीबरोबर तूही पाण्यात जाशील, हे शेजारी उभा असलेला खलाशी सांगतो. सेक्शन कमांडर म्हणजे तांडेल. मार्गदर्शक म्हणजे तो शेजारचा खलाशी.

आमच्या प्लाटूनमध्ये ३४ जण आहेत, त्यात ९ नवे अग्निवीर. 'जुन्यांनी नव्यांना सांभाळायची योजना करा' असं वरून सांगितलं आहे. सुरुवात कुठून करू? – एक हवालदार, खेड तालुका

आधी कमांडिंग ऑफिसरची लेखी मंजुरी घ्या आणि बैठकीची वेळ साप्ताहिक ट्रेनिंग प्रोग्रॅममध्ये छापून घ्या. प्रोग्रॅममध्ये नसलेली वेळ फटीग, म्हणजे साफसफाईसारखी अंगमेहनतीची कामं, खाऊन टाकते. दुसऱ्या आठवड्यापासून मार्गदर्शक गवत कापताना दिसतात आणि योजना तिथेच संपते.

आता संख्या. एका मार्गदर्शकाकडे दोन, फार तर तीन नवे. नवांना चार मार्गदर्शक पुरतात असं वाटतं, पण रजेचा हिशेब करा. नियमित जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा, म्हणजे प्रत्येक मार्गदर्शक वर्षातला जवळजवळ चौथा हिस्सा गावी. त्यात कोकणातली पलटण असली तर भाद्रपदात आणि शिमग्याला निम्मी बॅरक रिकामी. म्हणून पाच निवडा, आणि प्रत्येक नव्याला पहिल्याच दिवशी दोन नावं द्या: एक मुख्य, एक बदली. दोघं एकाच वेळी रजेवर जाणार नाहीत एवढं रजेच्या तक्त्यात पाहा. अग्निवीराला स्वतःला वर्षाला ३० दिवसच रजा आहे. सगळे गणपतीला गेले आणि आपण मागे राहिलो, तेच दिवस त्याला सगळ्यात जड जातात. नेमक्या त्या आठवड्यात बदली मार्गदर्शक जागेवर हवा.

निवड वरून करू नका. वरून निवडलं की चुणचुणीत कडक गणवेशवाला निवडला जातो. रोल कॉलनंतर दहा मिनिटं घ्या आणि प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या. प्रश्न दोनच. हत्याराचं काम अडलं तर कोणाला विचाराल? घरचं काही बिनसलं तर कोणाशी बोलाल? प्रत्येकी दोन नावं. पहिल्याच प्रश्नात ज्याचं नाव भरभरून येतं, तो उत्तम उस्ताद आहे, त्याला उस्तादच राहू द्या. दोन्ही प्रश्नांत येतो तो तुमचा माणूस. मोजणी प्लाटूनच्या जेसीओंनी (नायब सुभेदार-सुभेदार दर्जाचे अधिकारी) एकट्याने करावी आणि चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात. कोणाला किती मतं पडली याची चर्चा झाली की ती निवडणूक होते.

मग चाळणी. अलीकडे रेड एन्ट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, लागलेला नको. दारूवरून बोलणी खाल्लेला नको. आणि एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: बॅरकमध्ये उसने पैसे देणारा नको. त्याचं नाव चिठ्ठ्यांत पुष्कळदा येतं, कारण अर्धी मुलं त्याच्या उपकाराखाली असतात. उरलेल्यांना एकेकटं बोलावून विचारा, आणि 'नाही' म्हणायला खरोखर जागा ठेवा. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला फौजेत 'नाही' हे उत्तर नसतं.

जोड्या लावताना मार्गदर्शक दुसऱ्या सेक्शनचा घ्या. ज्याच्या शब्दावर रजा किंवा अहवाल अवलंबून आहे, त्याच्याजवळ कोणी मन मोकळं करत नाही. एकाच गावचे दोघं जोडू नका, बॅरकमधलं बोलणं रविवारच्या फोनवर वाडीत पोचतं. पण बोली मात्र जुळती पाहा. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणाऱ्या पोराला पहिल्या महिन्यात हिंदीतून दुःख सांगता येत नाही, तो 'ठीक है उस्ताद' म्हणून मोकळा होतो. चार आठवड्यांनी नव्याला कारण न देता मार्गदर्शक बदलून मागता यावा, आणि तसं त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

भेट आठवड्याला ४० मिनिटं. पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, पुढचे सोळा आठवडे पंधरा दिवसांनी, म्हणजे सहा महिन्यांत सोळा भेटी. रविवार टाळा, तो कपडे धुण्याचा आणि घरी फोन करण्याचा दिवस. संध्याकाळच्या गेम्सनंतर मैदानाला फेऱ्या मारत बोलणं सगळ्यात चांगलं. टेबलाच्या दोन बाजूंना बसवलंत की इंटरव्ह्यू होतो. हात कामात असले की तोंड उघडतं: बूट पॉलिश करताना, हत्यार साफ करताना.

पहिल्या भेटीत 'काही प्रॉब्लेम आहे का?' असं विचारू नये. उत्तर 'नाही सर' हेच येणार. पहिली भेट पगाराच्या कागदावर घ्या. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. ते सगळेच घरी पाठवून पोरगा मोबाईलच्या रिचार्जसाठी उसने मागत फिरतो. कागदावर मांडून दाखवा: घरी किती, स्वतःला किती, शिल्लक किती. वीस मिनिटांत त्याच्या घरावरचं कर्ज, बहिणीचं लग्न, बापाचं आजारपण, सगळं आपोआप बोलण्यात येतं, न विचारता.

मार्गदर्शकांना तयार कसं करायचं? आमच्याकडे तीन दिवसांपेक्षा जास्त वेळ मिळणार नाही. – एक नायब सुभेदार, चिपळूण

तीन दिवस, रोज पाच तास, एवढं पुरे. व्याख्यानाला त्यातला तिसरा हिस्सासुद्धा देऊ नका.

पहिला दिवस फक्त ऐकण्याचा. तिघातिघांचे गट करा: एक बोलणार, एक ऐकणार, एक घड्याळ घेऊन पाहणार. सात मिनिटांची फेरी. पाहणाऱ्याने एकच नोंद करायची, पहिला सल्ला कितव्या सेकंदाला दिला गेला. जुना जवान अर्ध्या मिनिटात तोडगा देऊन मोकळा होतो, कारण फौजेने त्याला तेच शिकवलेलं असतं. पहिली पाच मिनिटं सल्ला बंद, हा नियम अंगवळणी पडेपर्यंत फेऱ्या करा. दुपारपर्यंत लोक वैतागतात. वैतागू द्यात.

दुसरा दिवस धोक्याच्या खुणांचा, आणि तो रेजिमेंटल मेडिकल ऑफिसरनेच घ्यावा. झोप उडणे, लंगरला (जेवायला) न जाणे, चांगल्या वस्तू वाटून टाकणे, अचानक दारू वाढणे, फोननंतर तासन्‌तास गप्प बसणे, आणि बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी शांत होणे. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असा सरळ प्रश्न विचारायचा सराव याच दिवशी करून घ्या. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस सुटका झाल्यासारखा बोलतो. पण प्रश्न तोंडातून निघायला पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून पाहावा लागतो.

चकमक, अपघात, सोबत्याचा मृत्यू असं काही घडल्यावर त्याच रात्री सगळ्यांना गोल बसवून 'काय काय पाहिलंत ते सांगा' असं करू नका. ब्रिटिश रॉयल मरीन्समध्ये तयार झालेल्या 'ट्रिम' पद्धतीत प्रशिक्षित सोबती साधारण तीन दिवस उलटल्यावर ठरावीक क्रमाने बोलतो आणि महिन्याने पुन्हा भेटतो. पहिल्या रात्री हवं ते गरम जेवण, झोप आणि घरी एक फोन.

तिसऱ्या दिवशी खोटे प्रसंग उभे करून सराव: रजा नामंजूर झालेला, बायको-आईच्या भांडणात अडकलेला, ऑनलाइन जुगारात पैसे घालवलेला. संध्याकाळी प्रत्येकाने तोंडपाठ सांगायचं की कुठल्या वेळी आपण थांबायचं आणि कोणाकडे न्यायचं. पुढे महिन्यातून दोन तास उजळणी, तीही मेडिकल ऑफिसरबरोबर.

मार्गदर्शकाला सांगितलं की साहेबांच्या कानावर जातं, असं सगळे म्हणतात. खरं आहे का? – एक लान्स नायक, मालवण

काही गोष्टी जातातच, आणि जायलाच हव्यात. चूक होते ती हे आधी न सांगण्यात. पहिल्या भेटीतली पहिली दोन वाक्यं अशी असावीत: 'तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा सुरक्षेशी खेळ, यांतलं काही असेल तर मी तुला सांगून वर कळवणार.' 'तुला सांगून' हे शब्द गाळू नयेत. पाठीमागून कळवलेलं एक प्रकरण अख्ख्या कंपनीची तोंडं बंद करायला पुरतं.

धोका दिसला तर क्रम ठरलेला. त्याला एकटं सोडायचं नाही, शौचालयालाही नाही. हत्यार आणि राउंड (काडतुसं) त्याच्याकडून काढून कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, जमा, आणि त्या रात्री संत्री ड्युटी दुसऱ्याला. ड्युटी जेसीओंना त्याच क्षणी कळवायचं आणि मेडिकल ऑफिसरला त्याच रात्री. 'सकाळी बघू' नाही. ड्युटी बदलताना यादीसमोर मोठ्याने कारण सांगू नका, 'तब्येत ठीक नाही' एवढं पुरतं.

नोंदवहीत तारीख आणि मिनिटं यापलीकडे काही लिहायचं नाही. विषय नाही, शेरा नाही. वार्षिक अहवालासाठी मार्गदर्शकाचं मत मागवायचं नाही. जिथे मागवलं जातं, तिथे योजना आहे असं आम्ही समजत नाही.

आणि तक्रार असली तर मार्गदर्शक तिचा निकाल लावणारा नाही. जवानाला लष्करी कायदा १९५० च्या कलम २६ खाली दाद मागायचा रस्ता आहे. तो रस्ता दाखवायचा, अर्जाची भाषा नीट करून द्यायची, बस.

कोकणातली मुलं कामाला वाघ, पण दहा जणांसमोर उभं केलं की बोलती बंद. नेतृत्व येणार कुठून? – एक सुभेदार, श्रीवर्धन

बोलती बंद होते ती हिंदीमुळे आणि हसतील या भीतीमुळे. पायऱ्या लहान करा.

पहिल्या पंधरवड्यात रोज एकाने तीन मिनिटं, आधी आपल्या बोलीत, लगेच तेच हिंदीत, एखादा भाग हातात धरून समजवायचा. मग दहा मिनिटांचा धडा, उस्ताद देतात तसा: आधी नमुना, मग बयान, मग करून घेणे. तिसऱ्या पायरीवर दहा जणांची पीटी पूर्ण त्याच्या हाती. चौथीवर चार जणांना घेऊन रात्री कंपासवर तीन किलोमीटर चाल. मार्ग त्याने ठरवायचा, पावलं मोजणारा त्याने नेमायचा, चुकला तर परत आणायचं त्यानेच. शेवटी सँड मॉडेलवर (वाळूत मांडलेल्या भूभागाच्या नमुन्यावर) हुकूम देणे: परिस्थिती काय, काम काय, कसं करायचं, रसद काय, संपर्क कसा. या पाचांतलं एक हमखास राहतं आणि ते बहुतेक वेळा रसद असते. पाण्याची बाटली किती भरलेली, कोणाच्या टॉर्चचे सेल संपलेत, हे विचारायचं राहून जातं.

हे सगळं फसतं ते एकाच ठिकाणी: पोरगा हुकूम देत असतो आणि मागे हवालदार उभा असतो. ऐकणाऱ्या नऊ जणांचे डोळे हवालदाराकडे. मागे उभं राहू नका, ऐकणाऱ्यांत जाऊन बसा. मध्येच दुरुस्ती करू नका. अपवाद फक्त हत्याराचा. गोळीबार आणि स्फोटकं ही चुकून शिकायची जागा नव्हे, तिथे लगेच थांबवा.

कामानंतर चर्चा. अमेरिकी सैन्यात रुळलेले चार प्रश्न पुरे आहेत: काय ठरलं होतं, काय झालं, तसं का झालं, पुढच्या वेळी काय ठेवायचं नि काय बदलायचं. सगळ्यात कनिष्ठाने आधी बोलायचं, तुम्ही सगळ्यात शेवटी. सुभेदार आधी बोलले की बाकीचे मान हलवतात आणि चर्चा दीड मिनिटात आटोपते.

ज्याच्यात चमक दिसते त्याच्या कागदांकडे मार्गदर्शकाने वेळेवर लक्ष द्यावं. बढतीचं कॅडर (बढतीसाठीचं प्रशिक्षण) आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं मागे पडली की चांगला जवान वर्षानुवर्षं तिथेच राहतो. बारावी झालेल्या नियमित जवानाला दोन वर्षांच्या नोकरीनंतर, वय २० ते २७ मध्ये असताना, आर्मी कॅडेट कॉलेजची वाट आहे: डेहराडूनला तीन वर्षं, मग इंडियन मिलिटरी अकादमीत एक वर्ष, आणि अधिकारी म्हणून कमिशन. हे बावीस वर्षांच्या पोराला कोणी सांगतच नाही. कळतं तेव्हा तो अठ्ठावीसचा झालेला असतो.

मी निवृत्त आहे. गावातली मुलं फौजेत आहेत, काही अग्निवीर परत येतील. सगळ्यांचं मिळून एक मार्गदर्शन मंडळ काढावं म्हणतो. – एक माजी सुभेदार, मंडणगड

शिकवणारा सुभेदार तुमच्या तालुक्याला नवा नाही. आंबडव्याचे रामजी सकपाळ, डॉ. आंबेडकरांचे वडील, फौजेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. मंडळ जरूर काढा, पण सेवेतल्या मुलांना त्याचे सभासद करू नका. परवानगीशिवाय संघटनेत जाणे, वर्तमानपत्रात लिहिणे यांवर लष्करी कायद्याचं कलम २१ आणि १९५४ चे लष्करी नियम यांची बंधनं आहेत. रजेवर आला तर चहाला येऊ दे, यादीत नाव नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात 'आमचा अमका आज अमुक ठिकाणी पोचला' असा फोटो टाकणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांना आधी आवरा. कुठे आहे, कधी हलणार, कोणत्या पलटणीबरोबर, यांतलं काहीही गटात येता कामा नये.

भरतीपूर्व मुलांसाठी एकच सांगणं: १.६ किलोमीटरची सगळी तयारी किनाऱ्यावर नको. पुळणीत पाय रुततो, पावलाची लय बदलते आणि नडगी दुखायला लागते. ओल्या घट्ट वाळूवर आठवड्यातून एकदा ठीक. बाकी दिवस शाळेच्या मैदानावर किंवा सड्यावरच्या मातीच्या रस्त्यावर. उघड्या जांभ्या कातळावरही नको, गुडघे बोलू लागतात. पावसात शेवाळलेला कातळ तर सरळ दवाखान्यात नेतो.

खरं काम परतणाऱ्यांचं आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणात दाखल झाल्या. चार वर्षांनी त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, उरलेले घरी. सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये, करमुक्त, पण पेन्शन नाही, आणि योजनेच्या अटींप्रमाणे माजी सैनिकाचा दर्जा, ईसीएचएस (माजी सैनिकांची वैद्यकीय योजना), कँटीन यांतलं काही नाही. गावात मात्र 'काढून टाकला' असं बोललं जाईल. चारांतले तीन परत येणं हा योजनेचाच हिशेब आहे, हे मुलगा यायच्या आधी त्याच्या वाडीला सांगा, ग्रामसभेत सांगा. आल्यावर त्याच्याशी तेच वाक्य बोलून उपयोग नाही, त्याला ते पाठ असतं.

पैसे आले की सहा महिने मोठी खरेदी नाही, यावर घरच्यांसमक्ष शब्द घ्या. बोटीत भागी, सेकंडहँड डंपर, रस्त्याकडेची टपरी, हे प्रस्ताव पहिल्याच आठवड्यात दारात येतात, आणि आणणारा बहुतेक जवळचा नातेवाईक असतो. 'मंडळाशी बोलून सांगतो' असं म्हणायची सोय झाली तरी मंडळाने मोठं काम केलं. दर परतलेल्यामागे एक निवृत्त माणूस नेमा, दर पंधरा दिवसांनी भेट, वर्षभर. निमलष्करी दलांच्या आरक्षित जागांचे अर्ज याच भेटींत भरून घ्या.

मुलगा फोनवर 'बरा आहे' यापलीकडे बोलत नाही. पलटणीत त्याला कोणी आहे का, हे मला कसं कळणार? – एक आई, गुहागर

ताई, 'कसा आहेस' विचारू नका. 'तुझ्या शेजारच्या खाटेवर कोण झोपतो? तो कुठला? सुट्टीत त्याला घेऊन ये' असं विचारा. नाव पटकन आलं तर काळजी कमी. दोन-तीन फोन झाले तरी एकही नाव येत नसेल, तर गावातल्या माजी सैनिकाला त्याच्याशी बोलायला सांगा. पिशवी भरताना दोघांपुरती खोबऱ्याची वडी द्या. डबा उघडला की ओळख होते. आणि बोलण्यात जगण्याचा कंटाळा दिसला तर थांबू नका, टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

आमच्या कंपनीत योजना वर्षभर चालू आहे. नोंदवही भरलेली असते, पण कोणी कोणाशी बोलत नाही. – एक हवालदार, रोहा

नोंदवही उघडून शाई बघा. चार आठवड्यांच्या तारखा एकाच शाईत, एकाच दाबाने लिहिलेल्या असतील आणि सगळ्या भेटी बरोब्बर ४० मिनिटांच्या असतील, तर ती तपासणीच्या आदल्या रात्री भरली आहे. खऱ्या नोंदी वेड्यावाकड्या असतात: २५, ६०, १०, मध्येच एक आठवडा कोरा. कोऱ्या आठवड्याबद्दल कोणाला जाब विचारला होता का, ते आठवा. पहिला जाब विचारला त्या दिवशी खोटी नोंद सुरू झाली.

महिनाभर योजना बंद ठेवा आणि तसं रोल कॉलला सांगा. मग नव्यांकडून निनावी चिठ्ठीवर तीन उत्तरं घ्या: गेल्या महिन्यात मार्गदर्शकाशी किती वेळा बोललास, त्यातून एखादं काम झालं का, पुढे तोच हवा की दुसरा. चिठ्ठ्या गोळा करायला तुमच्या कंपनीबाहेरचा माणूस घ्या, पलटणीतले धर्मगुरू चालतील. दहांपैकी दोनच मार्गदर्शक खरे निघाले तर त्या दोघांवरच पुन्हा सुरू करा, प्रत्येकाकडे तीन नवे, आणि त्यांची फटीग कमी करू नका. सूट मिळते असं दिसलं की उरलेले आठ जण उद्या अर्ज घेऊन उभे राहतील.